उन्हाची रंगीत तालीम

आमच्या फरीदाबादच्या घराला वर गच्ची आहे आणि गच्चीवर एक खोली. इकडे तिला बरसाती म्हणतात. पावसाशी तिचा संबंध एवढाच की पावसात ती गळते. बाकी वर्षभर तिथे जुन्या गाद्या, गणपतीची आरास आणि माझ्या यजमानांची पुस्तकं पडून असतात. मे महिन्यात दुपारी तिथे मांजरसुद्धा जात नाही. त्या खोलीत नातीला दर रविवारी दुपारी पेपर सोडवायला बसवायचं, असा शोध यंदा माझ्या मुलाने लावला.

मुलगा केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. कुठल्याही गोष्टीची नीट व्यवस्था लावल्याशिवाय त्याला साधी काळजीही करता येत नाही. नातीची बारावी झाली होती आणि आता ती मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होती. पेपर मे महिन्यात, भर दुपारी. त्याला ऑफिसात कोणीतरी सांगितलं की मागे एका सेंटरवर पंखेच बंद होते आणि एक मुलगी चक्कर येऊन पडली. झालं. त्या दिवसापासून हा अभ्यासाबद्दल बोलेचना, नुसता टेंपरेचरबद्दल बोलायचा.

"बॉडीला सवय पाहिजे," तो म्हणाला. "वर्षभर एसीत बसून अभ्यास केलाय. एकदम उकाड्यात नेऊन बसवलं तर काय होईल?"

"मुलगी आहे ती," सूनबाई म्हणाली, "पापड नाही गच्चीवर वाळत घालायला."

दोन-तीन दिवस धुमसून शेवटी तडजोड झाली. एसी नाही, कूलर नाही, फक्त पंखा. पण शेजारी कोणीतरी मोठं माणूस बसेल आणि पोर जरा मलूल दिसली की खाली आणेल. आता मोठं माणूस कोण? मुलगा बसला तर दर पाच मिनिटांनी तिच्या कपाळाला हात लावणार. सून बसली तर रडणार. राहिले मी. माझं वय आणि ब्लडप्रेशर बघता आधी मलाच खाली आणावं लागलं असतं, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही आणि मीही आणून दिलं नाही. मला वर जायचं होतं.

का, तेही सांगते. हे गेल्यावर आमचा दिल्लीतला फ्लॅट बंद करून मी इथे राहायला आले. सकाळी मुलगा-सून मेट्रोने ऑफिसला जातात. मग संध्याकाळपर्यंत मी, फ्रिजची घरघर आणि खाली उतरलेच तर गार्डचं "नमस्ते माताजी". माझ्याशी खरं बोलणारी घरात एकच, ही नात. आम्ही दोघी एका खोलीत झोपतो. समोर कोणी ऐकायला असलं की तिच्या जास्त लक्षात राहतं, म्हणून ती मला बायोलॉजी मोठ्याने वाचून दाखवायची. त्यामुळे मला मूत्रपिंडाची आतली सगळी रचना पाठ आहे. ती कुठे वापरायची ते अजून सापडलेलं नाही.

आता ही पास झाली म्हणजे जाणार. जिथे कॉलेज मिळेल तिथे, होस्टेलवर. नाही झाली तर एक वर्ष ड्रॉप घेऊन पुन्हा तयारी, म्हणजे आणखी एक वर्ष माझ्या शेजारच्या पलंगावर. घरातली बाकीची मंडळी देवापुढे हात जोडून एकच मागणं मागत होती. मी उभी राहिले की माझी पंचाईत व्हायची. पास कर म्हणवत नव्हतं, आणि नको करूस म्हणायला जीभ उचलत नव्हती. शेवटी मी म्हटलं, देवा, तिला ऊन लागू देऊ नकोस. तेवढं मात्र मला अगदी मनापासून मागता येत होतं.

तर दर रविवारी जेवणं झाली की आम्ही दोघी वर. ती टेबलाशी, मी गाद्यांच्या ढिगावर. सेंटरवर तिला कोणी वारा घालणार नाही, तेव्हा इथेही घालायचा नाही, हा मुलाचा नियम. मी तो पाळला. मी हातपंखा घेऊन फक्त स्वतःलाच वारा घालायचे, जरासा तिरका.

"आजी, चीटिंग," ती मान वर न करता म्हणायची.

"मी काय केलं? मला उकडतंय."

"तुला उकडतंय तर माझी पानं का उडतायत?"

"तू पेपर सोडव. सुपरवायझरशी बोलायचं नसतं."

मग ती जे डोकं खाली घालायची ते शेवटपर्यंत. खोलीत तिच्या पेनाचा आवाज, पान उलटल्याचा आवाज, मध्येच स्वतःशीच "अरे यार". घामाने तिच्या मानेवरचे बारीक केस चिकटलेले असायचे. दुपारची शांतता मला काही नवीन नाही. खाली घरात ती रोजच असते आणि तिथे मी घड्याळाकडे बघत बसते. वर मला घड्याळाची आठवण मोबाइलचा गजर झाला की यायची. तेव्हा मीच म्हणायचे, "घे की अजून पाच मिनिटं."

"आजी, तिकडे कोणी देणार नाही."

मुलगा जिन्यात उभा असायचाच, हातात इलेक्ट्रॉलचा ग्लास. "कशी आहे? चक्कर? मळमळ?" जसं काही ती ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येत होती. मी त्याच्याकडे बघून हसायचे, पण फार हसायची सोय नव्हती. हे काळजीचं खूळ त्याला कोणाकडून मिळालं ते मला ठाऊक आहे.

तो स्वतः या वयाचा होता तेव्हा आम्ही दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. त्या वेळची मी आज मला कुठे भेटले तर आधी तिला एका खुर्चीत बसवीन आणि तिच्या हातातला थर्मास काढून घेईन. काय बाई होती! मुलाच्या इंजिनिअरिंगच्या पेपरला तिने त्याच्या एका खिशात कांदा घातला, उन्हाची झळ लागू नये म्हणून, आणि दुसऱ्या खिशात गुळाचा खडा. तो बसने पुढे गेला. ही थर्मासात पन्हं भरून रिक्षाने मागोमाग. सेंटरच्या मागच्या बाजूला भिंतीशी विटा रचलेल्या होत्या. त्यांच्यावर चढून तिने खिडकीतून आत पाहिलं, मुलाच्या डोक्यावरचा पंखा फिरतोय का. पंखा फिरत होता. तेवढ्यावर ती उतरली असती तर मी तिला माफ केलं असतं. पण दिल्लीत आपली भाषा कोणाला कळणार, अशा भरवशावर तिने तिथूनच हाक मारली, "पाणी पी रे!"

सगळा वर्ग वर बघायला लागला. मुलगा सोडून. आतून एक सुपरवायझर बाई बाहेर आल्या आणि स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाल्या, "ताई, तो पितोय पाणी. तुम्ही विटांवरून उतरा."

तो चांगल्या मार्कांनी पास झाला. लांब दक्षिणेकडे कॉलेज मिळालं. त्याला स्टेशनवर सोडून ती बाई घरी आली, सवयीने सगळ्यांची कणीक मळली आणि मग परातीकडे बघत बसली. पास होणं म्हणजे निघून जाणं, हे तोपर्यंत तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी हुशार होती.

नातीचं ॲडमिट कार्ड आलं आणि सेंटर निघालं पानिपत. मुलगा मटकन खुर्चीत बसला. इतकी शहरं असताना मराठी माणसाच्या पोरीला नेमकं पानिपत! सुनेने नाशिकला आईला फोन केला तर तिकडे डोळ्यांना पदर लागला. नात आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

"पण प्रॉब्लेम काय आहे? हायवेवर तर आहे."

"काही नाही," मी म्हटलं. "जाताना परांठे खाऊ, येताना चादरी घेऊ."

"आई, प्लीज," मुलगा म्हणाला.

उन्हात प्रवास नको म्हणून आदल्या दिवशीच जाऊन लॉजवर उतरलो. एवढं आलोच आहोत तर संध्याकाळी काला अंबला जाऊन युद्धाचं स्मारक तरी पाहू, असं मी सुचवलं. महाराष्ट्रातून लोक मुद्दाम येतात. मुलाने माझ्याकडे असं पाहिलं की मी जेवायचं काय ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी सेंटरच्या दारात ही रांग. पोरींच्या कानातलं काढून घेत होते, केसांतल्या क्लिपा काढून घेत होते. बूट नाहीत, चपला. पूर्ण बाह्या नाहीत, अर्ध्या. आमची नात कानातलं आईच्या हातात देऊन आत गेली. वळून बघेल असं वाटलं होतं. तिने पुढच्या मुलीशी काहीतरी बोलणं काढलं आणि दोघी हसत आत गेल्या.

गेट बंद झालं आणि बाहेर आम्ही सगळे उरलो. समोरच्या दुकानांच्या पत्र्यांखाली जेवढी सावली होती तेवढ्यात आईबाप दाटीवाटीने बसले. कोणी वर्तमानपत्र अंथरलं, कोणी ओला गमछा डोक्यावर टाकला. मुलगा मात्र गेटला चिकटून.

"भैया, अंदर पंखे चल रहे हैं ना?"

"सब चल रहा है साहब, आप बैठो."

दहा मिनिटांनी परत. "भैया, सारे कमरों में?"

"कोणावर गेलाय कुणास ठाऊक," मी सुनेला म्हटलं. तिला हसू आलं नाही.

माझ्या शेजारच्या बाईंनी मला पाणी दिलं. "पोती है? बस माताजी, इनका हो जाए, और क्या चाहिए हमें." मी मान डोलावली. सगळी रांगच्या रांग तेवढंच मागत होती. वरवर तर मीही.

मग समोरच्या दुकानातला कूलर बंद पडला. कोणीतरी ओरडलं, "लाइट गई!" क्षणात सगळे उठले. गेटपाशी ही गर्दी झाली. अंदर जनरेटर है क्या, बच्चे मर जाएंगे, किसी को बुलाओ. मुलाचा आवाज सगळ्यांच्या वर. सुनेने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मलाही पहिल्यांदा तेच दिसलं, घामाने भिजलेली तिची मान. पण त्याच्या मागोमाग आणखी एक विचार हळूच आत आला: आज पेपर बिघडला तर ती कुठे जाणार नाही. मी त्याला पुढे येऊ दिलं नाही. पण आला होता तो. त्या एवढ्या गर्दीत तो मनात असलेली मी एकटीच असणार. सून माझा हात धरून उभी होती आणि मला वाटत होतं, मी तिच्यापासून कुठेतरी फार लांब उभी आहे.

थोड्या वेळाने आतून जनरेटरचा आवाज आला. लोक परत आपापल्या सावलीत गेले.

पेपर सुटला. पोरं बाहेर आली. आमची आली ती हात चोळत, नाक लाल. मुलगा धावला.

"काय झालं? चक्कर आली? ऊन लागलं?"

"नाही पपा. एसी होता. एकदम माझ्या डोक्यावर. मी अख्खा पेपर कुडकुडत लिहिलाय."

मुलाने एकदा गेटकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"लाइट गेली तेव्हा जरा बरं वाटलं," ती म्हणाली, "पण लगेच जनरेटर लावला त्यांनी."

सून नवऱ्याकडे बघून हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली. मुलाच्या हातात इलेक्ट्रॉलची बाटली तशीच.

"पुढच्या वेळी फ्रिजमध्ये बसवून तयारी करू," मी म्हटलं.

"पुढची वेळ नाहीये, आजी," नात म्हणाली. "छान गेला पेपर. बिल्कुल छान."

मी तिचे गार हात माझ्या हातांत घेऊन चोळत राहिले. येताना चादरी घ्यायचं कोणालाच आठवलं नाही.

निकाल तिने म्हटलं तसाच लागला. मग कॉलेजांची पसंती भरायची वेळ आली. मुलगा म्हणत होता, चांगलं कॉलेज बघ, लांब असलं तरी चालेल. सून म्हणत होती, जवळचं बघ. दोघं ऑफिसला गेल्यावर नात लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. मी समोर शेंगा निवडत होते.

"आजी, मी फरीदाबादचं पहिलं टाकते."

"का?"

"घरून जाता येईल." मग स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "आणि तू दिवसभर एकटी असतेस."

इतक्या महिन्यांत घरात हे कोणी बोललं नव्हतं. मला वाटत होतं, कोणाला दिसतच नाही. हातातली शेंग मी उगीचच परत सोलली. हो म्हणायला काही लागत नव्हतं. नुसतं गप्प बसले असते तरी झालं असतं.

"मी एकटी कुठे असते?" मी म्हटलं. "तू असतेस ना. तोच तर त्रास आहे. झोपेत तू दात खातेस."

"मी? खोटं!"

"कराकरा. तुझे आजोबा घोरायचे ते बरं. आणि सगळ्या कपाटात तुझे कपडे. मला कधी एकदा खोली मोकळी मिळतेय असं झालंय."

"आजी, सच्ची सांग."

"सच्ची. तिकडे महाराष्ट्रातलं ते मोठं कॉलेज आहे ना, ज्याच्याबद्दल तू रोज बोलतेस, ते टाक वर. आणि होस्टेलवरच्या पोरींना आधीच सांगून ठेव दातांचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझं तोंड अशा वेळी फार चांगलं वागतं. आयुष्यभराची सवय आहे त्याला. मग ती फुरंगटून म्हणाली, "ओके. फाइन," आणि बोटाने फरीदाबादची ओळ खाली ओढली.

"अजून खाली," मी म्हटलं.

तिने आणखी खाली ओढली. बेल वाजली वाटतं, असं म्हणून मी उठले आणि दाराकडे गेले. बेल वाजली नव्हती.