पटले काकांच्या लाखेच्या तबकड्या

पटले काका अनोळखी माणसांना फोन करायचे. म्हणजे अगदी रोज. सकाळी दहाला, चहाचा दुसरा कप शेजारी आणि टेलिफोन डिरेक्टरी मांडीवर. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही असाच एक फोन चालू होता. २००१ साली आम्ही अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरला राहायला आलो आणि त्यांचं एक पत्र चुकून आमच्या पेटीत पडलं. ते द्यायला मी गेले तर दार उघडंच. सत्तरीचे काटकुळे गृहस्थ अस्सल गोंदियाच्या इंग्रजीत विचारत होते, की मॅडम, पन्नास वर्षांपूर्वी तुमच्याकडे एक रेकॉर्ड होती का आणि तिच्यावर तुम्ही हिरव्या शाईनं नाव लिहिलं होतं का? पलीकडच्या बाईंनी फोन आपटला तो मला दारात ऐकू आला. काकांनी शांतपणे डिरेक्टरीतल्या नावावर काट मारली आणि मला म्हणाले, "ही ती नव्हे. बस, चहा घेशील ना?"

माणूस सटकलेला आहे असं माझं मत झालं. पुढच्या सहा वर्षांत ते फारसं बदललं नाही, फक्त त्यात माया मिसळली.

भानगड अशी होती, की काका जुन्या रेकॉर्ड्स जमवायचे. आपल्याला माहीत असलेल्या प्लॅस्टिकच्या नव्हेत, त्याच्याही आधीच्या. काळ्या, जड, हातातून पडली की खापरीसारखे तुकडे होणाऱ्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. त्यातही त्यांना हव्या असायच्या चाळीस-पन्नासच्या दशकातल्या, इथल्या काळ्या गायक-वादकांच्या ऱ्हिदम अँड ब्लूजच्या. त्या काळी पोरीबाळी पार्टीला जाताना आपापल्या रेकॉर्ड्स घेऊन जायच्या आणि अदलाबदल होऊ नये म्हणून मधल्या कागदावर नाव लिहून ठेवायच्या. आपल्या आया भांड्यांवर नावं घालून घ्यायच्या, तसंच. बाकीचे जमवणारे असली लिहिलेली रेकॉर्ड बघून नाक मुरडत. काका मात्र नेमकी तीच उचलत. म्हणत, "गाणाऱ्याचं नाव तर छापलं आहे. ऐकणारी कोण होती, हे कोण सांगणार मला?"

या नादाची सुरुवात गाण्यानं झाली नव्हती. काका रंगांच्या कंपनीत केमिस्ट होते. घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकानं तळघरात एक खोकं टाकून दिलं होतं. त्यातली एक तबकडी काकांच्या हातून फुटली. दुसरा कोणी असता तर केर भरून मोकळा झाला असता. यांनी फुटलेली कड नाकाशी नेली, काडी लावून एक तुकडा जाळला, वास घेतला आणि खालूनच काकूंना ओरडून सांगितलं, की अगं, ही तर लाख! काकांचे वडील गोंदियाकडे पळसावरच्या किड्यांपासून मिळणाऱ्या लाखेचा व्यापार करत. "माझ्या गावचे किडे," काका मला सांगत, "इथं येऊन काय करून राहिले, ते पाहायला नको का?" पाहायला गेले आणि अडकले. काकू गेल्यावर तर घरभर तबकड्याच झाल्या. सिंकशेजारच्या रॅकमध्ये ताटल्या कमी आणि रेकॉर्ड्स जास्त. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून, मऊ ब्रशनं, मधला कागद भिजू न देता ते एकेक तबकडी धूत. त्या कामाला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत.

गाण्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, हे ते स्वतःच सांगत. पण ऐकायचे कसे! सॅक्सोफोनवाल्याला त्या दिवशी सर्दी होती. ड्रमवाला नवीन दिसतो, घाबरून पुढे पळतोय. कडव्यामध्ये कोणीतरी खुर्ची सरकवली, ती का? मी वैतागून म्हणायचे, काका, तुम्हाला काय करायचंय? त्यांना सगळंच करायचं असायचं.

त्या शेकडो फोनांपैकी एक फोन लागला. ट्रेंटनच्या मिस अर्नेस्टीन. हो, रेकॉर्ड माझीच, हिरवी शाई माझीच, म्हणाल्या. मग काका नेमानं त्यांच्याकडे जाऊ लागले, कधीकधी मी सोडायला जायचे. ऐंशीकडे झुकलेल्या, ताठ, बोलायला फटकळ बाई. त्यांचा धाकटा भाऊ क्लॅरेन्स गायचा. त्यानं आयुष्यात एकच रेकॉर्ड केली होती आणि पुढे वर्षभरातच तो अपघातात गेला. घरातली प्रत घर बदलताना फुटली. पन्नास वर्षं त्यांनी भावाचा आवाज ऐकला नव्हता. "चेहरा फोटोत आहे," त्या काकांना म्हणाल्या, "आवाज कुठंच नाही. मला तो मरायच्या आत ऐकायचा आहे."

 त्या दिवसापासून काकांचा शोध बदलला. चार वर्षं आम्ही शनिवारी इस्टेट सेल पालथे घातले. घरातलं म्हातारं माणूस गेलं, की वारस दारं उघडून सगळं सामान विकायला काढतात, तिथं हे तळघरात शिरायचे. हायवेवर गाडी चालवणं त्यांनी सोडलं होतं, म्हणून सारथ्य माझ्याकडे. आणि २००५च्या जूनच्या सुरुवातीला, एका गॅरेजमध्ये, शिलाई मशीनखालच्या खोक्यात ती सापडली. क्लॅरेन्सचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. काका पायरीवर बसूनच राहिले. मला म्हणाले, "मेधा, जरा पाणी दे."

सोमवारी त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. ट्रेंटनला त्यानंतरच्या रविवारी जायचं ठरलं. घाईत पिशवी माझ्या गाडीत राहिली, तर त्यांचा फोन आला, की गाडीत ठेवू नकोस, उन्हानं वाकेल, घरात ने. मी नेली. तेवढंच करायचं होतं मला.

पण मला मेलीला उत्साह फार. तबकडीवर धुळीचा आणि बुरशीचा थर होता. म्हटलं, काकांना डोळ्याला पट्टी, यांना कुठं धुता येणार, आपणच चकाचक करून सरप्राइज देऊ. ऑफिसात आम्ही कीबोर्ड आणि सीडी पुसायला अल्कोहोल वापरायचो, त्याची बाटली घरी होतीच. कापसाचा बोळा भिजवला आणि घासलं. बोळा काळाकुट्ट झाला. बाई गं, केवढी घाण! दुसरा बोळा घेतला, तोही काळा. मी खूश होऊन आणखी जोर लावला. सहा-सात बोळे झाले, तेवढ्यात मुलीची स्कूलबस आली म्हणून उठले. परत येऊन पाहते तो घासलेली बाजू सपाट, राखाडी. रेघा जवळजवळ पुसलेल्या. मी घाण काढत नव्हते. मी तबकडी काढत होते.

रात्र कशी काढली ते मलाच माहीत. सकाळी पट्टी बांधलेल्या काकांपुढे जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं. कोणती बाजू, विचारलं. गाण्याची. दुसऱ्या बाजूला नुसती वाद्यं होती, क्लॅरेन्स गप्प. 

"अगं, सुतार पॉलिश कशात करतो? लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच ना," ते म्हणाले. "मी केमिस्ट. मी सांगायला पाहिजे होतं तुला." मग, "पण अर्नेस्टीनला तू सांगायचं. मी नाही."

रविवारी गेलो. मिस अर्नेस्टीन निळा ड्रेस घालून, केस नीट करून बसल्या होत्या.  कसंबसं सांगितलं, माझ्याकडून झालं म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काकांना म्हणाल्या, लावा. काकांनी वाद्यांची बाजू लावायला घेतली, तर हात वर करून थांबवलं. ती नको, दुसरी.

सुई टेकली. नुसती खरखर. तेल तापल्यासारखी. आणि त्या खरखरीच्या तळाशी, कान देऊन ऐकलं तर, ड्रमचा ठोका तेवढा उरला होता. बाईंनी डोळे मिटले, चार ठोके जाऊ दिले आणि गायला सुरुवात केली. ऐंशी वर्षांचा चिरका आवाज. एकही शब्द अडला नाही. मध्ये जिथं सॅक्सोफोन असणार तिथं त्या थांबल्या, पायानं ठेका धरून वाट पाहिली आणि बरोबर जागेवर पुन्हा उचललं. शेवटचा ठोका आणि त्यांचा शेवटचा शब्द एकदमच संपले. धापा टाकत म्हणाल्या, "इथं क्लॅरेन्स श्वास घ्यायचा नाही. मला घ्यावा लागतो."

मी हमसून रडत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं, पण समजूत नाही घातली. म्हणाल्या, "तू माझं फार मोठं नुकसान केलंस, पोरी. तोंड दाखवायला आलीस, हे मी लक्षात ठेवीन." त्या हिवाळ्यात त्या गेल्या. दुसरी प्रत आम्हाला कधीच मिळाली नाही.

 परतताना मी मनाशी धरून चालले होते, की हे दार आता आपल्याला बंद. त्यांच्या घरापाशी गाडी थांबवली. ते उतरले, काचेपाशी वाकले.

"उद्या दहाला ये," म्हणाले. "पंधरा तबकड्या धुवायच्या राहिल्या आहेत. तू धू, मी पुसतो."

काका २००७ साली गेले. तोपर्यंत मी धूत होते आणि ते पुसत होते.