भावाची रुंद चाकं

गॅरेजवरून जाताना जळक्या रबराचा वास आला आणि भावाच्या गाडीची जुनी चाकं आठवली. हौसेने त्याने गाडी जमिनीलगत खाली बसवून घेतली होती आणि बाहेर डोकावणारी रुंद चाकं लावली होती. वहिनीला कळा सुरू झाल्या, तेव्हा हडपसरहून आम्ही तिघं त्याच गाडीतून निघालो. प्रत्येक स्पीडब्रेकरला टायर मडगार्डच्या पत्र्याला घासायचे, गाडी आदळायची आणि वहिनी कळवळायची. शेवटी ती म्हणाली, “अहो, तुम्ही गाडी जपा. मला रिक्षा बघून द्या.” भावाने तिथेच ब्रेक दाबला, किल्ली माझ्या हातात कोंबली आणि तिच्यासोबत रिक्षात बसला. मी रखडत दवाखान्यात पोचलो, तोवर मुलगी झाली होती. मी किल्ली पुढे केली, तर लेकीला सावरत तो म्हणाला, “राहू दे तुझ्याकडेच. माझे हात मोकळे नाहीत.” साधी चाकं लावून ती गाडी मी अजून चालवतो.