पोपटमामाच्या टाचेवरचा तीळ

घोडीच्या शेपटीचा एक लांब केस उपटून मामा उलट्या बादलीवर बसला. उजवा पाय मांडीवर घेतला, टाचेवरच्या काळ्या तिळाला केसाचा फास टाकला आणि एक टोक दातात धरून करकचून आवळला.

"गळून पडेल चार-आठ दिवसात," म्हणाला.

"मामा, चामखीळ पडते अशी. हा तीळ आहे."

"तू नववी नापास. गप बस, डॉक्टरीणबाई."

मी नापास नव्हते, मी शाळा सोडली होती. त्याला चांगलं माहीत होतं. पण मामाचं तोंडच तसलं.

पोपटमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. येरवड्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्याची एक पांढरी घोडी होती, ती तो वरातीला भाड्याने द्यायचा. पार कोथरूडच्या कार्यालयापर्यंत तिला चालवत न्यायचा आणि वरातभर लगाम धरून पुढे चालायचा. नवरदेव जाडा असला की म्हणायचा, "साहेब, पोट आत घ्या, घोडीला वाटेल दोघं बसले." लोक चिडायचे आणि पुढच्या लग्नाला त्यालाच बोलवायचे. चामखिळीला बांधायला वस्तीतले लोक त्याच्याकडून शेपटीचा केस न्यायचे. तो फुकट द्यायचा, वर एक टोमणा द्यायचा. माझ्यासाठी तो कुणाच्याही अंगावर गेला असता. मी पण त्याच्यासाठी गेले असते.

तिळाची आमच्या घरात गोष्टच होती. आजी लवकर गेली, मामाला आईनेच वाढवला. ती सगळ्यांना सांगायची, "पोपट तळव्याला तीळ घेऊनच जन्मला. पायाला भिंगरी आहे त्याच्या." आम्ही हे इतक्या वेळा ऐकलं होतं की पाय उलटा करून बघायची कुणाला गरजच वाटली नाही.

केस बांधून तीळ पडला नाही. फुगला, चिघळला, मोज्यात रक्त यायला लागलं. मामा लंगडत वरातीत चालायचा. एका लग्नात नवऱ्याचे मित्र त्याच्या मागे तसेच लंगडत नाचायला लागले. "घोडी बरी आहे, मालकाला नाल ठोका!" एकाने तर व्हिडिओ काढला. मामाने त्यांना अशी शिवी हासडली की बँडवाला वाजवायचा थांबला. मग तसाच हॉलच्या दारापर्यंत चालत गेला.

मी त्याला स्कूटीवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरने खुर्चीतून मान वाकडी करून बघितलं.

"कधीपासून आहे?"

"जन्मापासून," मामा म्हणाला.

"मग काही नाही." मलम दिलं.

मलम संपलं, जखम भरली नाही. जांघेत गाठ आली तेव्हा आम्ही मोठ्या हॉस्पिटलात गेलो. आई, मामी, मी, सगळेच. तिथली डॉक्टर माझ्याहून थोडीच मोठी असेल. तिने पण तेच विचारलं, मामाने पण तेच सांगितलं. ती म्हणाली, "दुसरा मोजा काढा."

"का, जोडीने बघायचे असतात का पाय?"

तिने डावा पाय उचलला. तळव्याला एक बारीक, सपाट, तपकिरी तीळ. तिळाएवढाच.

"हा जन्माचा," ती म्हणाली. "मग हा उजव्या टाचेवरचा कुठला?"

तिनेच उजवी टाच दिव्याकडे वळवली.

"हा नंतर आला. वाढत गेला. कडा वाकडीतिकडी, कुठे काळा, कुठे तपकिरी, वर रक्त. यातलं एक जरी दिसलं तरी दाखवायचं असतं. तळवे, तळहात, नखाच्या खाली, आपल्याकडे तिळाचा कॅन्सर तिथेच जास्त होतो. आणि तिथेच कुणी बघत नाही."

"केस बांधल्याने झालं का?" मी विचारलं.

"केसाने नाही झालं. केस बांधून बसण्यात वेळ गेला."

तुकडा तपासायला गेला, कॅन्सर निघाला. टाच काढली, जांघेतल्या गाठी काढल्या. फुप्फुसात पोचला होता तो काढता येत नव्हता.

वॉर्डात आईने शर्मिलामामीला सगळ्यांसमोर धरलं. "रोज नवऱ्याचे पाय चेपत होतीस ना गं? का डोळे गहाण टाकले होतेस? माझा भाऊ खाल्लास तू!" काका, मावश्या माना हलवत उभे. मामी टॉवेल पिळत राहिली. त्यात एक थेंब पाणी उरलं नव्हतं. कॉटवरून मामा म्हणाला, "हळू बोला. शेजारच्याला शांतपणे मरायचंय."

शेजारचा घरी गेला. मामा गेला.

तेराव्याला आई मामीला पांढऱ्या पायाची म्हणाली. घोडी विकली, शेड रिकामी केली, मामी माहेरी खडकवासल्याला निघून गेली. तिला कुणी फोन पण केला नाही.

मी गेले, बऱ्याच महिन्यांनी. म्हटलं, "मामी, तेव्हा एक शब्द का नाही बोललीस?" तिने हातातलं भांडं घासून पालथं घातलं. मग सांगितलं.

केस बांधला त्याच्या आदल्या दिवाळीला अंघोळीआधी मामाला तेल लावताना टाचेवरचा तो नवा तीळ तिला दिसला होता. तेव्हा तो मसुराएवढाच होता. तिने आईला हाक मारून दाखवला. आई म्हणाली, "जन्मखूण आहे ती. सणासुदीचं दवाखान्याचं नाव काढू नकोस." मामी म्हणाली, "वन्सं, जन्मखूण या पायाला आहे, हे बघा."

आईने दोन्ही पाय बघितले होते.