दुसऱ्या रविवारची रोमानियन मंडळी

अमेरिकेतल्या अल्फारेटा गावात एका कम्युनिटी सेंटरमध्ये मी हॉलचं बुकिंग बघते. कुणाला कधी हॉल पाहिजे, किती खुर्च्या लागतील, किचनची किल्ली कुणाकडे, सगळं माझ्याकडे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमचा मोठा हॉल इथल्या रोमानियन कुटुंबांचा असतो. घरी कुणी जेवायला आलं की हात धुता धुता फर्माईश होते, "मेधा, तुझ्या रोमानियन लोकांचं सांग ना काहीतरी." मी एक सांगते, त्यावरून दुसरं आठवतं, आणि तोवर चहा दोनदा होतो. मी काही लिहून वगैरे ठेवलेलं नाही. पण इतकी वर्षं तीच माणसं भेटत राहिली की किस्से साठतातच, आमच्या लॉस्ट अँड फाउंडच्या खोक्यात हातमोजे साठतात तसे.

*

सुरुवात माझ्या चुकीने झाली. रोडिकाचा पहिला फोन आला तेव्हा मी या नोकरीत नवी होते. आपल्या देशाची पस्तीसेक कुटुंबं या भागात आहेत, मुलांना सणवार कळावेत, म्हाताऱ्यांना बोलायला माणसं मिळावीत, म्हणून महिन्यातून एकदा हॉल पाहिजे, असं ती म्हणाली. मी ऐकलं तसं लिहून घेतलं आणि रविवारी दारावर बोर्ड लावला, "रोमन फॅमिलीज".

रोडिका आली. पन्नाशीची, उंच, केस घट्ट बांधलेले. ती एका डेंटिस्टकडे दात साफ करायचं काम करते, त्यामुळे बोलताना तिची नजर आपल्या डोळ्यांवर नसते, दातांवर असते. तिने बोर्ड शांतपणे वाचला. मग म्हणाली, "रोमन येऊन गेले. आम्ही राहिलो."

आणि पर्समधून पेन काढून उरलेली अक्षरं स्वतःच लिहिली.

*

मी मांस खात नाही हे तिला तिसऱ्या महिन्यात कळलं. त्यांच्याकडे सर्माले नावाचा प्रकार असतो. आंबवलेल्या कोबीच्या पानात भात आणि खिमा गुंडाळून मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात. ती प्लेट घेऊन आली, मी नको म्हटलं. तिने विचारलं, उपास आहे का? त्यांच्यात ईस्टरच्या आधी कडक उपास असतो, तेव्हा मांस, दूध, अंडी सगळं बंद. समजवायला सोपं जावं म्हणून मी हो म्हटलं.

"किती दिवसांचा?"

"कायमचा. जन्मापासून."

रोडिकाने छातीवर क्रॉसची खूण केली आणि आत गेली. पाच मिनिटांत किचनमधल्या सगळ्या आज्या दारात येऊन मला बघायला लागल्या. आपल्या हॉलची किल्ली जिच्याकडे आहे ती बाई जन्मापासून उपास करते, ही बातमी सगळीकडे पसरली होती. त्यातल्या एकीने माझा हात धरून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. रोडिकाने भाषांतर केलं: फार दुखतो, तुझं देव ऐकेल, जरा प्रार्थना कर.

मी केली. काय करणार? मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हटलं. पुढच्या महिन्यात ती आजी काठीशिवाय आली. आता काठी गाडीत विसरली होती की खरंच गरज नव्हती, हे मी मुद्दामच विचारलं नाही. तेव्हापासून माझ्यासाठी तांदूळ आणि मशरूम भरलेले उपासाचे सर्माले वेगळ्या पातेल्यात होतात.

*

मार्चच्या सुरुवातीला त्यांच्यात लाल-पांढऱ्या दोऱ्याचा एक सण असतो. वसंत ऋतू आला म्हणून एकमेकांना तो दोरा द्यायचा. मला न्यायला म्हणून माझा नवरा, अनिल, आला होता. एक सहा वर्षांची मुलगी त्याच्याजवळ गेली आणि तिने त्याच्या मनगटाला दोरा बांधला.

पुण्याचा माणूस, तीन बहिणींचा एकटा भाऊ. मनगटाला कुणी दोरा बांधला की त्याचा हात आपोआप खिशात जातो. खिशात ऑफिसचं पेन सोडून काही नव्हतं. त्याने ते पेन ओवाळणी म्हणून तिला दिलं आणि डोक्यावर हात ठेवला. मुलीला आश्चर्य वाटलं, तिच्या आईला जास्त वाटलं.

पुढच्या वर्षी अनिल दारात आला तर अकरा मुली रांगेत उभ्या. त्यालाही बहुधा अंदाज होता. तो पेनांचं अख्खं खोकं घेऊन आला होता.

*

ईस्टरच्या कार्यक्रमाला प्रत्येकाच्या हातात पेटती मेणबत्ती लागते. आमच्या सेंटरमध्ये उघड्या ज्योतीला परवानगी नाही. हे सांगताना मला फार वाईट वाटलं, कारण त्यांच्या वर्षातला तो सगळ्यात मोठा दिवस. रोडिका वाद घालेल अशी माझी तयारी होती. ती फक्त म्हणाली की परवानगी मागून सण करायची आम्हाला सवय आहे, आम्ही लहानपणी कसल्या कम्युनिस्ट राजवटीत वाढलो तुला माहीत नाही. आणि बॅटरीवरच्या ऐंशी मेणबत्त्या घेऊन आली.

दिवे मालवले, ऐंशी छोटे पिवळे उजेड लागले, सगळे गायला लागले. मी दाराशी उभी होते. भाषा कळत नव्हती तरी मीही ओठ हलवायला लागले.

गाणं संपल्यावर गुडघेवाल्या आजींनी सवयीने मेणबत्तीवर फुंकर मारली. विझेना. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा जोरात मारली. मग मेणबत्ती लांब धरून निरखली आणि काहीतरी पुटपुटल्या. आजूबाजूचे हसून हसून बेजार. मी रोडिकाला विचारलं, काय म्हणाल्या?

"म्हणतात, अमेरिकेत मेणबत्तीसुद्धा रिटायर होत नाही."

*

मुलांचं रडगाणं आपल्यासारखंच. आईवडील रोमानियनमध्ये विचारणार, मुलं इंग्लिशमध्ये उत्तर देणार. शेवटी रोडिकाने नियम केला की हॉलच्या आत इंग्लिश बंद. मुलं हुशार. त्यांनी शोधून काढलं की माझं टेबल हॉलच्या बाहेर आहे. दर दहा मिनिटांनी कुणीतरी पाणी प्यायच्या निमित्ताने यायचं आणि माझ्याशी इंग्लिशमध्ये भडाभडा बोलून जायचं. हे रोडिकाच्या लक्षात आलं. तिने माझ्यापुढेही इंग्लिश बंद केलं.

आता पंचाईत. मला रोमानियन येईना, मुलांना बोलल्याशिवाय राहवेना. मग मी म्हटलं, चला, माझी भाषा शिका. काकू, पाणी, बास, अजून, पळ. एवढ्या पाच शब्दांवर आमचं वर्षभर उत्तम चाललं.

एका रविवारी एक नवे गृहस्थ माझ्याकडे आले. मुलीला या हॉलमध्ये आणायला लागल्यापासून ती खूप सुधारली आहे, घरी आपली भाषा बोलायला लागली आहे, तुमच्या सगळ्यांचे फार आभार, असं म्हणाले. मग जरा संकोचून विचारलं, "फक्त एक शब्द आम्हाला कळत नाही. 'काकू' हे रोमानियाच्या कुठल्या भागात म्हणतात?"

*

माझं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं त्या आठवड्यात अनिलच्या आईला पुण्यात ताप आला आणि त्याला तिकडे जावं लागलं. आमची मुलगी दुसऱ्या राज्यात शिकते, तिची परीक्षा. मी सगळ्यांना सांगितलं की माझं माझं होईल. रोडिकाला तर काही कळवलंच नव्हतं, फक्त या रविवारी किल्ली दुसरं कुणी देईल असा मेसेज केला होता.

हॉस्पिटलमधून टॅक्सीने घरी आले तर पायरीवर ती बसलेली. सेंटरमध्ये खोदून खोदून विचारून आली होती. तिने मला हाताला धरून आत नेलं, पलंगावर झोपवलं, आणि पहिल्यांदाच माझ्या दातांकडे न बघता डोळ्यांत बघून विचारलं, "तू आम्हाला का नाही सांगितलंस?"

तेरा दिवस रोज कुणीतरी डबा घेऊन आलं. सगळं उपासाचं, तिखट नाही, तेल नाही. एक आजी इंग्लिशचा एक शब्द येत नसताना येऊन बसायच्या, माझे केस विंचरायच्या आणि जायच्या. या देशात येऊन इतकी वर्षं झाली, पण आजारपणात माहेर भेटल्यासारखं वाटलं ते तेव्हाच.

*

अनिलच्या आई बऱ्या झाल्यावर आम्ही त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे घेऊन आलो. सासूबाई मूळच्या कराडजवळच्या खेड्यातल्या, मराठीशिवाय दुसरी भाषा नाही. रविवारी घरी एकट्या बसायला नको म्हणून मी त्यांना सेंटरमध्ये घेऊन गेले.

त्याच सुमाराला रोडिकाची मैत्रीण लुचिया आपल्या वडिलांना रोमानियातल्या गावाहून घेऊन आली होती. ग्रिगोरे त्यांचं नाव. ऐंशीच्या पुढचे. बायको गेल्यापासून बोलणं जवळजवळ बंद, जेवण चिमणीएवढं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. लुचिया काळजीने अर्धी झाली होती. दर वेळी ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर टोपी मांडीवर ठेवून बसत आणि निघायच्या वेळी उठत.

त्या दिवशी केकसाठी अक्रोड फोडायचे होते. रोडिकाने सासूबाईंना एका रिकाम्या खुर्चीवर बसवून अक्रोडांची पिशवी पुढे ठेवली, कारण त्यांचे हात मोकळे होते. ती खुर्ची ग्रिगोरेंच्या शेजारची. थोड्या वेळाने बघते तर तेही फोडत होते. आणखी थोड्या वेळाने बघते तर ते बोलत होते. हळूहळू, थांबत थांबत. सासूबाई अक्रोड सोलता सोलता "हो ना" म्हणत होत्या, मध्येच "अगं बाई" म्हणत होत्या, मग काहीतरी स्वतःचं सांगत होत्या. तब्बल दोन तास.

गाडीत मी विचारलं, "आई, कुठल्या भाषेत बोलत होतात?"

"आपापल्या."

"आणि कळलं काही?"

सासूबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "बिचाऱ्याच्या मनात एकच बसलंय. बायकोने शेवटी पाणी मागितलं. नळाचं नको, विहिरीचं आणा म्हणाली. हे अंगणात दोर ओढत होते तेवढ्यात ती गेली. आपण जवळ नव्हतो, हे त्यांना सहन होत नाही. मी सांगितलं त्यांना, तिने मागितलेलंच आणायला गेला होतात ना, मग झालं."

मी हसले नाही, पण मनात म्हटलं, आईंनी आपल्या मनाने चांगली गोष्ट रचली.

पुढच्या दुसऱ्या रविवारी लुचिया सरळ माझ्या टेबलापाशी आली. तिचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा मोकळा होता. त्या दिवशी घरी गेल्यावर वडिलांनी आपणहून जेवायला मागितलं, म्हणाली. जेवता जेवता आईच्या शेवटच्या दिवसाचं पहिल्यांदा बोलले. तिला आजवर एवढंच सांगितलं होतं की आई झोपेत गेली.

"तिने विहिरीचं पाणी मागितलं होतं," लुचिया म्हणाली. "हे कुणालाच माहीत नव्हतं. मलासुद्धा."

संध्याकाळी मी घरी येऊन सासूबाईंना हे सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"अगं, मग हे मी तुला गाडीतच सांगितलं होतं की."