टेलरमास्तरची काचेखालची बातमी

आमच्या वेळी पेपर ही एकट्याने वाचायची चीज नव्हती. न्हाव्याच्या दुकानात सकाळी एकच पेपर यायचा, आणि मी चौथी पास, आवाज खणखणीत, म्हणून वाचायचा मान माझा. एकाच्या गालाला साबण, दुसऱ्याच्या मानेवर वस्तरा, बाकीचे बाकावर दाटीवाटीने. आणि मी मधोमध उभा राहून सरकार पाडतोय, उभं करतोय! पदरचं तिखटमीठ लावायचो ते वेगळंच. आता न्हाव्याच्या नातवाने फिरत्या खुर्च्या आणल्यात. जो तो आपापल्या फोनमध्ये डोकं खुपसून बसतो. मान कापली तरी कळायचं नाही. राजकारण तेव्हाही घाणच होतं म्हणा, पण ती घाण आम्ही सगळे मिळून चिवडायचो.

बाकावरचं माझं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे समोरचा टेलरमास्तर. पक्का अंगठाबहाद्दर. आकडासुद्धा काढता यायचा नाही. माप घ्यायचं तर रद्दी पेपरची लांब पट्टी कापायचा आणि तिला कात्रीने चिरा पाडायचा: गळ्याला एक, बाहीला दोन, कमरेला तीन. प्रत्येक गिऱ्हाइकाची पट्टी वेगळ्या खिळ्याला. मी एकदा गंमत म्हणून दोन पट्ट्यांची अदलाबदल केली, तर हातात घेताच म्हणाला, "ही तुझी नाही. तुझं पोट इतकं आत कधी होतं?"

तर एकदा काय झालं, एक तरणाबांड पुढारी सभेला आला आणि मांडवाच्या खिळ्याला अडकून त्याचा कोट काखेपासून कमरेपर्यंत टरकला. मास्तरने दोन तासांत असा सांधला की टाका शोधून सापडेना. पुढाऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, तुम्हाला विसरणार नाही." झालं! पुढारी मंत्री झाला, आणि हा रोज सकाळी बाकावर हजर. "काही आलंय का रे माझ्याबद्दल?"

वर्षभर हाच घोषा. शेवटी एक दिवस पेपरात मंत्र्याचा फोटो आला, खाली त्याने गटारांवर केलेलं भाषण. मी घसा साफ केला आणि वाचलं, "मंत्रिमहोदय म्हणाले, आज मी या खुर्चीवर आहे तो एका टेलरमास्तरच्या टाक्यामुळे. फाटक्या कोटाने उभा राहिलो असतो, तर माझं बोलणं कोणी ऐकलं असतं?"

न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला. सगळे ओठ चावत एकमेकांकडे बघत होते. मास्तर उठला, पेपर माझ्या हातातून दोन्ही हातांनी घेतला आणि तडक दुकानात गेला. संध्याकाळी बघतो तर गटाराची बातमी काचेच्या चौकटीत, शिलाई मशीनच्या बरोबर वर!

आता सांगा, हसू नको तर काय करू? पस्तीस वर्षं ती तिथे होती. शिकलेसवरलेले लोक माप द्यायला हात वर करून उभे राहायचे आणि समोर सांडपाण्याच्या निचऱ्याबद्दल वाचायचे. "वा मास्तर, नशीब काढलंत!" म्हणायचे आणि बाहेर येऊन पोट धरून बसायचे. नवं गिऱ्हाईक आलं की आम्हीच त्याला पढवून आत पाठवायचो. मास्तरला पोरबाळ नव्हतं, बायकोही त्याच्यासारखीच निरक्षर. खरं वाचून दाखवणार कोण? मंत्रीसाहेबांनी तीनदा पक्ष बदलला, यानेही तीनदा बदलला. म्हणायचा, "माणूस बघावा. झेंडा काय रे, कापडच."

मग रस्ता रुंद करायचं निघालं. आमची बाजू सुटली, मास्तरची सापडली. गिऱ्हाईक तसंही तयार कपड्यांकडे वळलं होतं. पण दुकानामागच्या खोलीतच नवरा-बायको राहत. दुकान गेलं की छप्पर गेलं. मास्तरने चौकट उतरवली, बाहीने पुसली. "चल, साहेब विश्रामगृहात आलेत. तू हे वाचून दाखव. स्वतःचा शब्द टाळणार नाहीत ते."

मी टाळायला बघितलं. "राहू दे मास्तर. म्हातारे झालेत, त्यांना काय आठवतंय?"

"म्हणून तर वाचायचं!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पस्तीस वर्षांची थट्टा एका सकाळी कशी परत घ्यायची, हे चौथीपर्यंत शिकवत नाहीत.

साहेब खुर्चीत रुतून बसले होते. मी चौकट माझ्याकडे वळवून धरली आणि पाठ झालेलं सगळं म्हणून टाकलं. साहेबांचे डोळे चक्क पाणावले. "हो हो, मीच म्हणालो होतो हे!" कौतुकाचं वाक्य असलं की पुढाऱ्याला ते आपलंच वाटतं. फोटो निघाला, मास्तरच्या खांद्यावर पुन्हा तोच हात. दुकानाचं विचारलं तर म्हणाले, "बघतो." मास्तर घरापर्यंत तरंगत आला.

दोन दिवसांनी फोटो खरोखरच छापून आला. मास्तर पेपर घेऊन माझ्या दारात. "वाच." मी आधी मनात वाचलं. रुंदीकरणासाठी ज्येष्ठ टेलरने दुकान राजीखुशीने सोडलं, साहेबांचे आभार मानले, पाडकाम सोमवारी. आयुष्यात पहिल्यांदा मी पदरचा एक शब्द न घालता मोठ्याने वाचलं.

मास्तर खो खो हसला. "लबाडा! म्हातारा झालास तरी खोड जात नाही. नीट वाच आता."

"अरे, खरंच असंच आहे."

"साहेबांचा हात माझ्या खांद्यावर, आणि खाली असलं छापतील? फोटो मलाही दिसतो! वाच लवकर, ही घरी वाट बघतेय."

काय झालं मला कोण जाणे. आवाज आपोआप खणखणीत लागला. "साहेब म्हणाले, मास्तरच्या दुकानाला कोणी हात लावणार नाही."

शनिवारी खरं सांगायला गेलो, तर तो दाराला रंग देत होता. तसाच परत फिरलो. रविवारी शेजारच्यांनी सामान हलवलं; मास्तरने काडी हलवली नाही. कोणी समजवायला गेलं की म्हणायचा, "पेपरात आलंय. त्याने वाचलंय."

सोमवारी बुलडोझर आला तेव्हा तो मशीनवर बसून काज करत होता. दोघा शिपायांनी उचलून बाहेर ठेवला. मशीन आतच राहिलं. खिळ्यांवरच्या पट्ट्या रस्ताभर उडाल्या, सगळ्या वस्तीचे गळे, बाह्या, कमरा. समोर सलूनमधली पोरं फोनवर चित्रण करत होती.

मारेल, शिव्या घालेल, असं धरूनच मी जवळ गेलो. तो फुटक्या काचेची चौकट मांडीवर घेऊन विटांवर बसला होता. मला बघून थोडा सरकला, जागा करून दिली.

"तू मनाला लावून घेऊ नकोस," म्हणाला. "तू बरोबरच वाचलंस. पेपरवाल्यांनीच चुकीचं छापलं."

आणि खिशातून त्या सकाळचा ताजा पेपर काढून वाचायला माझ्या हातात दिला.