खंडेनवमीला चालवलेला प्रेस

भूत, आत्मा, हडळ... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी उठून जाते. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे मी. जे मोजता येत नाही ते पास करायचं नाही, ही सवयच लागलीय. तरी हे लिहितेय, कारण डोकं अजून शांत झालेलं नाही.

माझे वडील, अण्णा, भोसरी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर होते. खंडेनवमीला मशीनची पूजा करतात, हार घालतात आणि मग त्या दिवशी मशीन चालवत नाहीत — एमआयडीसीत कुणालाही विचारा. त्या वर्षी मात्र पूजेनंतर प्रेस चालला आणि अण्णांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. शेडच्या मालकानं, शेठनं, गल्लीभर सांगितलं, दारू पिऊन यानंच चालू केला. माळकरी माणूस हो! शेठनंच चालू करायला लावला, असं अण्णा घसा फोडून सांगत राहिले. कुणी ऐकलं नाही. आम्ही थेरगावला राहायला गेलो तरी 'दारुड्याची पोरगी' काही सुटलं नाही.

आता त्या शेडच्या जागी मॉड्युलर किचनची शोरूम आहे. गेल्या महिन्यात तिथंच जुन्या गल्लीच्या आठवणींचा कार्यक्रम होता, रविवारी सकाळी अकराला. अण्णा आले नाहीत. मी गेले.

शेठ माईक घेऊन रंगात आलेले. "एक होता आमच्याकडे," हसत हसत सांगायला लागले, "पूजेच्या दिवशी टाकून आला आणि..." लोकही हसले. मेल्याला इतक्या वर्षांनीही लाज नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले —

आणि स्पीकरमधून प्रेसचे ठोके यायला लागले. धाड... धाड... मग आवाज. शेठचाच, पण तरुणपणीचा. समोर शेठचं तोंड मिटलेलं होतं, सगळ्यांनी बघितलं.

"हार काढ आणि चालू कर. पगार देव देतो का मी देतो?"

मग सगळं बंद.

शेठ पांढरेफटक पडले. म्हणाले, "हे रेकॉर्ड कुणी केलं?"

आवाज माझा नाही, असं म्हणालेच नाहीत! मागून बबनकाका उठले. अण्णांच्याच शिफ्टचे फिटर. "म्हंजे शेठ, तुमीच चालू करायला लावला व्हता." शेठ गाडीत बसून गेले. मी बबनकाकांचा हात धरून ढसाढसा रडले.

साऊंडवाल्याला फैलावर घेतलं. त्याच्याकडे फक्त गाण्यांचा पेनड्राइव्ह होता. चार जणांनी मोबाइलवर शूटिंग केलं होतं. चारही व्हिडिओंत त्या जागी नुसती शांतता आहे आणि मग शेठचा तो प्रश्न. आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही.

घरी येऊन अण्णांना सगळं सांगितलं. बबनकाका सगळ्यांसमोर कसे उभे राहिले, तेही. अण्णांनी आवाजाबद्दल एक शब्द विचारला नाही.

"त्या दिवशी बबन्या माझ्या शेजारीच व्हता," एवढंच म्हणाले. "त्यानं समदं ऐकलं व्हतं."