सरदाराचा प्रवेश

आमच्या कृष्णाकाठच्या गावात यात्रेला ऐतिहासिक नाटक बसायचं. बाईच्या कामाला सांगलीहून नटी आणायची पद्धत होती. ती उतरायची आमच्याकडे, कारण नाटक लिहायचे आणि बसवायचेही माझे यजमान, शाळेतले मास्तर. खलनायकाचं काम कुणालाच नको असायचं, कारण समोर बसलेल्या म्हाताऱ्या त्याला चपला दाखवायच्या. एकोणीसशे सत्तरनंतरच्या एका वर्षी मात्र गावातल्या बड्या बागायतदारानं ते आपण होऊन मागितलं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"बागायतदारांना एवढी हौस कशाची आली?" मी विचारलं.

"पडदे आणि दिवे त्यांचेच आहेत," यजमान म्हणाले.

नाटकात खलनायक सरदार एका पाटलाच्या सुनेला पळवून नेतो. संध्याकाळी शाळेत तालीम चाले. बाकीचे प्रवेश एकदा होत, हा पुन्हा पुन्हा. "अजून रंगत न्हाई," म्हणत बागायतदार परत उभे राहायचे. शिवाय प्रवेश रोज लांबत होता आणि लांबवत होते माझेच यजमान. सरदाराला वाक्यांवर वाक्यं, सुनेला एकच सूचना: किंचाळते.

एका सकाळी नटीनं चुलीपुढं बाही वर केली. दंडावर निळे वळ होते.

"वैनी, फकस्त मनगट धरायचं ठरलंय. ह्यो मानूस कुटंबी धरतोय. मास्तरास्नी सांगा की."

मी सांगितलं.

"इतिहासात असंच घडलंय," यजमान म्हणाले. "आपण कसं बदलणार?"

"मग इतिहास रोज वाढतोय कसा?"

चहा बाजूला सारून ते उठून गेले. मला भयंकर राग आला. संशयही आला, की यांना सगळं दिसतंय आणि तरी चालतंय.

त्या दिवसापासून मी तांदूळ निवडायचं सूप घेऊन तालमीला बसू लागले. मी समोर असले की बागायतदार मनगटच धरायचे. मला वाटलं, निभावलं.

नाटकाच्या दिवशी मी लांब, बायकांत बसले होते. सरदारानं सुनेला ओढलं आणि त्याचा हात तिच्या छातीवर गेला. ती किंचाळली नाही. शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सोडा! मनगट धरायचं ठरलंय. तेवढंच धरा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना ते नाटकातलंच वाटलं. मी धावत पडद्यामागं गेले, तर यजमान खुशीत होते.

"झकास वाक्य टाकलं तिनं. पुढच्या प्रयोगाला ठेवू."

त्यांनी लिहिलेल्या इतिहासावर माझा पुन्हा कधी विश्वास बसला नाही. त्यांच्यावरही नाही.